गडावरचे टाके

मंडळी, ऐका! आधी माझा एक प्रश्न. माणसानं चार वर्षं खपून केलेलं काम तुम्ही किती वेळात पारखता? चार दिवस? चार तास? अहो, फोडणीचा वास आला की "मीठ कमी आहे" म्हणणारी माणसं आपण! वासावरून मीठ!

तर वाईजवळच्या एका गावात कुंदा तारळेकर नावाची बाई. तीस वर्षं दवाखान्यात नर्स. तिचा धाकटा भाऊ श्रीनिवास. त्यानं काय केलं? कॉम्प्युटरवरचा खेळ! पोरखेळ नव्हे हो — जुन्या काळातला गड, तुम्ही किल्लेदार, खाली गनीम वेढा घालून बसलेला, आणि गड राखायचा! चार वर्षं एकटा खपला. एका रविवारी दुपारी बहिणीपुढं लॅपटॉप ठेवला न् म्हणाला, "ताई, पहिली तू खेळ. तुला पटला तर लोकांपुढं आणतो. नाही पटला — सगळा पुसून टाकतो!"

बाईनं पदर खोचला आणि बसली! धान्य? भरलं. तोफा? चढवल्या. एक बटण राहिलं. त्यावर एकच शब्द — 'टाके'. बाई म्हणाली, "अजून कुणाला खरचटलंसुद्धा नाही, टाके कशाला?" आणि गेली पुढं!

हसताय? जिचा जन्म जखमा शिवण्यात गेला, तिला दुसरं काय सुचणार?

वेढ्याचा दुसरा महिना. गोळा नाही, तलवार नाही — धडधाकट गडी पटापट आडवे! वीस मिनिटांत गड गेला. बाई भडकली. "श्रीनिवासा, काय रे हे? केवढी आशा लावून बसले होते मी! काही अर्थ नाही याला!"

श्रीनिवासनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. खेळ पुसायला निघाला. मंडळी, चार वर्षं — आणि एक बोट!

पण बाईनं त्याचं मनगट धरलं. "थांब! दवाखान्यात माणूस गेला तर कशानं गेला, हे मी विचारतेच. सांग, माझी माणसं कशानं मेली?"

"तहानेनं, ताई! तू टाकं भरलंच नाहीस!"

टाकं! कातळात खोदलेला पाण्याचा हौद! सगळ्या गडाचा जीव त्यात!

बाई म्हणाली, "चुकले मी. पण तूही चुकलास! नीट लिहायला हात दुखत होता का तुझा? लिही — पाण्याचं टाकं. आणि उघड परत!"

परत हरली. "उघड!" पुढच्या डावात फितुरी झाली, दरवाजा आतून उघडला. "उघड!" चहा निवला, बाई उठली नाही. सहाव्या डावाला गनिमानं वेढा उठवला! बाई ताडकन उभी, डोळ्यांत पाणी. "पुसायचं नाव काढलंस तर याद राख!"

आता तुमच्याकडं वळतो. हं, तुम्हीच, खांबाला टेकलेले! नव्या सुनेला पहिल्याच दिवशी "हिला काही येत नाही" म्हणालात ना? आणि देवाला? एकदा हात जोडले, काम झालं नाही — देवच नाही! आणि मला, कीर्तनाच्या बुवाला, तर तुम्ही नमनालाच नापास करता!

चूक दिसली तर बोला, तोंडावर बोला. पण बोलून उठू नका, बसा! आज घरी जा. ज्याचं मन मोडलंत, त्याच्यासमोर मांडी घाला आणि म्हणा, "समजण्यात माझीच चूक झाली असेल, परत दाखव." जीभ जड होईल. होऊ द्या! म्हणायचंच! झाला निश्चय? मग त्याच आवाजात घ्या विठोबाचं नाव!