झाकण वाकवून बघा

—छे छे, वाकवून बघा की लॅपटॉपचं झाकण, बिनधास्त वाकवा! सगळेच वाकवतात, आणि ही सवय लावली कोणी? आम्हीच! तो वरच्या फळीवरचा महागडा लॅपटॉप दिसतोय ना, त्या कंपनीत आयुष्य काढलंय मी. हसा, हसा, मीही हसतो. तिथे आमचं एक टेबल होतं — बाजारात कुणी स्वस्तातला लॅपटॉप आणला, की आम्ही तो विकत आणायचो, टेबलावर उघडायचो आणि चहा घेत घेत पोटभर हसायचो. टेबलाचे प्रमुख कोण? अस्मादिक! झाकण वाकवायचं, कुरकुर ऐकायची आणि वर कळवायचं — खेळणं आहे, घाबरू नका. वरचे खूश. एकदा तर परत जोडताना मूठभर स्क्रू उरले माझ्या हातात, आणि ते खेळणं चालू! आमच्या ऑफिसातला स्टोअरवाला ते उचलूनच घेऊन गेला, कारण त्याचं मशीन, म्हणजे आमच्याच कंपनीचं, दुरुस्तीला गेलं होतं. हेही वर कळवायला हवं होतं का? हवं होतं. पण सगळे हसत असताना मध्येच कोण बोलणार?

मग काय, गिऱ्हाइकं गेली तिकडे. आमच्यांनी किंमत उतरवली, ती परवडेना म्हणून झाकण पातळ केलं — झालं, आमचंही कुरकुरायला लागलं, आणि किंमत तरी त्यांच्यापेक्षा जास्तच! नफा गेला, शेअर गडगडला, टेबल गेलं, टेबलापाठोपाठ मी. आणि आता बघा, त्याच खेळण्यांच्या काउंटरवर उभा, गळ्यात त्यांच्याच ओळखपत्राचा पट्टा. शोभतो का? अजिबात नाही.

माझं सोडा हो. धाकटी बहीण आहे मला. शाळेतून निवृत्त झाली आणि मिळालं ते सगळं आमच्या कंपनीच्या शेअरमध्ये घातलं — कुणाच्या शब्दावर, ते विचारू नका. रोज फोन — दादा, आज पण पडला, विकू का? मी म्हणतो, ठेव गं, ही खेळणी किती दिवस टिकणार? हो, अजूनही हेच म्हणतो! इथे, काउंटरमागे वाकून, हळू आवाजात. तिला वाटतं, मी अजून ऑफिसात आहे. का म्हणजे? अहो, घरात मला कंप्युटरमधलं कळतं असं मानणारी ती एकटीच उरलीय. लाज वाटते हो.

तुम्हाला मुलीच्या कॉलेजसाठीच ना? मग हाच घ्या, स्वस्तातला. चांगला चालतो. बघा, तुमची माझी ओळख ना पाळख, आणि तुम्हाला खरं सांगून मोकळा झालो मी —

थांबा हं, तिचाच फोन. बोल गं... परत पडला?... वीक. वीक म्हटलं. हो, सगळे, आजच... आवाज? तो होय, गिऱ्हाईक झाकण वाकवून बघतंय... गिऱ्हाईकच म्हणालो. दुकानात आहे मी... कुठल्या म्हणजे — साहेब, तुम्ही तिकडे पैसे भरा बघू. जा.