मिस्त्रींचा हात आणि चौथा पिस्टन

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष महिपतीराव, मंचावरची मानाची मंडळी, ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे भीमराव मिस्त्री, आणि कामावरून थेट इथं आलेली अंबरनाथ-बदलापूरची माझी माणसं, मोतीबाईचा सगळ्यांना नमस्कार. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी. गुडघे बोलतात माझ्याआधी, म्हणून बसूनच बोलते. अध्यक्षांनी परवानगी दिलीय.

चाळीस वर्षं मिस्त्रींनी गॅरेजात इंजिनं उघडली. माझी नात किर्ती सहा वर्षं त्यांच्या हाताखाली. मिस्त्री पार्ट कसा निवडायचे? डोळे मिटून, तळहातावर तोलून. मी हेंद्रेपाड्यात तीस वर्षं भाजी विकली, पाव किलो भेंडी मलाही हातानं कळते. त्यामुळे ती रीत मला फार पटायची.

पुढचं सांगू नकोस, असं किर्ती म्हणाली होती. पण आता निघालंच आहे तोंडातून.

गेल्या दिवाळीनंतर महेंद्र आपली शर्यतीची गाडी घेऊन आला. इंजिन नव्यानं बांधायचं होतं. म्हणाला, "पार्ट मिस्त्रींनीच निवडायचे. पोरीनं हात लावायचा नाही." दुकानातून आलेल्या पिस्टनांतून मिस्त्रींनी चार तोलून काढले. "बरोबर," म्हणाले. शर्यतीचं इंजिन फार जोरात फिरतं हो. चौघांचं वजन एक नसेल तर आतून थरथरतं आणि फुटतं. मग गाडीत बसलेल्याचं काय?

मी किर्तीचं जेवण घेऊन गॅरेजात गेले होते. ती हळूच म्हणाली, "आजी, चौथा वेगळ्या डब्यातला आहे. काट्यावर बघू."

मी तो हातात घेतला. बरोबरच वाटला. खेकसले, "मिस्त्रींपेक्षा शहाणी झालीस काय गं?"

पोरगी ऐकते होय? जेवणाच्या सुट्टीत पिस्टन पिशवीत घातले आणि मलाही रिक्षात कोंबलं. उल्हासनगर, कॅम्प एक, हरेशभाई सोनार. ते हसायला लागले, "मोतीबाई, ये किसके गले में डालोगी?" सोन्याच्या काट्यावर तीन सारखे भरले. चौथा आठ ग्रॅम जड. मी तोंडाला पदर लावला.

परत आलो तर महेंद्र दारातच. "पिस्टन कुठं नेले होते?"

किर्ती पटकन म्हणाली, "मिस्त्रींनीच पाठवलं. चौथा त्यांना जड लागला."

गुरूची अब्रू झाकली पोरीनं. माझ्या जिवात जीव आला.

मिस्त्री स्टुलावरून उठले. "खोटं बोलतेय ती. माझा हात चुकला, महेंद्र. दोन वर्षं बोटं बधिर आहेत, कुणाला बोललो नाही. थकलो रे मी." मग किर्तीकडे वळले, "आजपासून पार्ट तू निवडायचे."

महेंद्रनं पिशवी उघडून पिस्टन बघितले. मग त्यानं विचारलं, "चौथा कधीपर्यंत मिळेल?" मिस्त्रींना नाही हं, किर्तीला विचारलं.

ते इंजिन अजून धडधाकट आहे. महेंद्र समोरच बसलाय, विचारा.

मला आनंद झालाय, लपवत नाही. पण अंग थकलंय, तुमचंही, माझंही. मिस्त्री, आता घरी बसा, बोटांना तेल लावा. तो जड पिस्टन तुम्ही मागून नेलात म्हणे. दार वाऱ्यानं आपटत असेल तर टेकू म्हणून लावा त्याला.

हॉल देणाऱ्यांचे आणि मघाशी मला आल्याचा चहा देणाऱ्यांचे आभार. बोलण्यात आठ ग्रॅम इकडंतिकडं झालं असेल, तर मीही मिस्त्रींसारखं सगळ्यांसमोर कबूल करते, माझा हात चुकला. पदरात घ्या.