महालक्ष्म्यांपुढचा दुश्मन

चहा निवला तरी चालंल, आधी आमच्या दिल्याचं ऐका. गडी पन्नाशीला टेकलाय, पण त्याच्या सुपरहिरोंना बाहुल्या म्हणालात तर चार दिवस अबोला धरतो. "फिगर म्हण, फिगर!" वीतभर उंचीचे पाच हिरो त्यानं जमवले होते. राहिला होता फक्त त्यांचा दुश्मन. तेवढ्यात कंपनीचं त्या दुश्मनाची फिगर बनवायचं लायसन संपलं. दुश्मन गेला दुसऱ्या कंपनीकडं आणि तिनं मापच बदललं. बाजारात आला तो थेट हातभर!

"माझे पाचही जण याच्या कमरेला लागतात रे," दिल्या रडकुंडीला आला. "लढाई मांडू कशी?"

"अरे, दुश्मन तगडाच पाहिजे!" मी हरभऱ्याच्या झाडावर चढवला. त्यानं दुश्मन घेतला.

पुढं दिल्याच्या घरी महालक्ष्म्या बसल्या. वहिनींनी आरास मांडताना घरातली सगळी खेळणी देवीपुढं ठेवली, त्यात हे सहाही जण. हळदीकुंकवाला करमाडच्या मावशी आल्या आणि हरखल्याच. "अगं बाई, बाप किती कौतुकानं लेकरं घेऊन उभा हाय!" पडंल बिचारं म्हणून सगळ्यात धाकटा हिरो त्यांनी उचलून दुश्मनाच्या कडेवर बसवला.

देवी उठेपर्यंत आरास हलवायची नाय, म्हणून दिल्या नुसता हात चोळत उभा.

मावशी त्याच्याकडं वळल्या. "दिलीप, यांची आई कुठं दिसंना रं?"

दिल्या पडेल आवाजात म्हणाला, "मावशी, तिचं लायसन अजून जुन्याच कंपनीकडं हाय."