वीस बिनपगारी कोतवाल

नागपूरच्या बसस्थानकावर रामटेकच्या गाडीची रांग काही हलत नव्हती. नंदिनीच्या पुढे सिंधूताई आणि तिच्या शेजारच्या शेतातले देवराव बोलत उभे होते.

“सिंधू, तुह्या हरबऱ्याले अळी काहून नाई लागली वं?”

“लागली ना भाऊ. पन मीनं वीस कोतवाल ठेवले. बिनपगारी.”

नंदिनीने कान टवकारले. तिच्या गावाला तर एकच कोतवाल होता.

“मस्करी नको करू.”

“कोतवाल पाखरू, काळं, दुभंगल्या शेपटीचं. वावरात फांद्या रोवल्या, तं त्यावर बसून दिवसभर अळ्या टिपून राहिले.”

“त्या फांद्या होय? मी तं गावभर सांगतलं, सिंधूनं पाखराईले खुर्च्या टाकल्या म्हनून.”

“हाव. अन् सारं गाव हासलं.”

“मी तीनदा फवारलं, तरी घाटे पोकळच.”

सिंधूताईने पिशवीतून हरभऱ्याची डहाळी काढून त्यांच्या हातात दिली. देवरावांनी एक घाटा फोडला, मग दुसरा. दोन्ही भरलेले.

“फांद्या कुठून आनल्या वं?”

“तुमच्याच वावराच्या धुऱ्यावरून, भाऊ. पाखरं बसतात म्हनून तुमीच बाभूळ तोडून फेकली होती ना.”