दुसरा हाफ उताराचा

—नाही विल्फकाका, ढकलू नका, ढकलून काही व्हायचं नाही. पुढचा दांडा पुढे जायचा नाही आणि मागचा मागे यायचा नाही, तुम्ही बरोब्बर मधल्या खोबणीत उभे आहात. खिटी अडकलीय — हो, बघतेय ना, वाकूनच बघतेय मी. तुमच्यापेक्षा म्हातारं लोखंड आहे ते, त्याला अचानक रविवारी दुपारी कामाला लावलंत, रुसणारच. तेल? तेल आजोबांच्या खोलीत, खोलीची किल्ली आजोबांच्या खिशात, आणि आजोबा समोर क्लबात पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसलेले. फोन लावून उपयोग नाही, सभेला बसले की टोपी काढतात आणि फोन बंद करतात, चर्चमध्येसुद्धा एवढं करत नाहीत. तुमचा कुठाय? घरी. पावाच्या डब्यावर. वा. आणि घाई कसली, आत्ता कुठे सव्वा वाजलाय, सभेचं दार लागतं दोनला. तोवर काहीतरी होईल. तुम्हीच आलात ना खिडकीवर टकटक करत — टेसा, पोरी, एकदा चार नंबरचं चक्र फिरव, शेवटचं, टक् आवाज ऐकतो नि जातो मतदानाला. सत्तावन्न वर्षं दर रग्बी सामन्याला मैदानाच्या ह्या फिरत्या प्रवेश-चक्रातून पहिला आत शिरणारा माणूस तुम्ही, मी नाही म्हणणार होते का? बसून पायडल दाबायचं एवढंच तर काम ह्या क्लबाने मला दिलंय. मुलगी आहे, पाय हलके आहेत, बसेल चक्राच्या खोलीत. तर दाबलं. आता अडकलं त्याला मी काय करू?

चहा घ्या. घ्या हो, फ्लास्कचा आहे पण गरम आहे, दांड्यावरून हात घाला — हां. साखर आहे, आजीने केलाय.

मागच्या रविवारी ‘जायचं नाही’ म्हणून तुमचा हात वर गेला तेव्हा मी तुमच्याच मागे होते, माहितेय? चौसष्ट विरुद्ध चौसष्ट. अख्खं हार्लथॉर्प दोन फाकी चिरल्यासारखं. आणि बरोबरी म्हणजे जैसे थे, कुठेही जायचं नाही, ही जागा सोडायची नाही, जुना नियम. म्हणजे तुम्हाला जिंकायची गरजच नाही, नुसतं बरोबरीत राहायचं, नि आम्हाला मात्र एक मत जास्त हवं. आज पुन्हा तेच, हात वर, खोलीत हजर असेल त्याचंच मत, चिठ्ठीबिठ्ठी चालायची नाही. आणि ऑक्सबीच्या क्लबाबरोबर भागीतलं नवं स्टेडियम काय वाट बघत बसणार आहे? ऑक्सबीवाल्यांनी त्यांच्याकडून कधीच सही केली. आज आम्ही नाही म्हटलं तर ते दुसरा भिडू शोधतील, आणि आम्ही इथेच ह्या पत्र्याखाली — वर बघा, वर, तो पत्रा दिसतोय का, दोन वर्षांपूर्वी त्याचा तुकडा उडून वाटाण्याच्या भांड्यात पडला होता. लोकांनी तुकडा काढून वाटाणे खाल्ले. आणि वर अभिमानाने सांगतात.

हो, ऐकलंय मी, सगळं ऐकलंय. सवतीच्या घरात संसार मांडायचा का. ऑक्सबीच्या माणसाने बसून उबवलेल्या खुर्चीवर मी बसू का. खुर्च्या राखाडी का, आपल्या पिवळ्या का नाहीत — कारण त्यांना निळ्या हव्या होत्या, काका, म्हणून राखाडी, ह्याला मधला मार्ग म्हणतात. तीन महिने त्या खुर्च्यांच्या रंगावर भांडलात तुम्ही लोक. मग उत्तरेकडचा गोल कुणाचा यावर. मग सामन्याला खातो त्या पेस्ट्रीबरोबरच्या वाटाण्यात पुदिना घालायचा का नाही, कारण ऑक्सबीत घालतात म्हणे. ऑक्सबी इथून साडेतीन मैलांवर आहे. तुमची सख्खी बहीण तिथे दिलीय. चाळीस वर्षांत तुम्ही तिच्या घरी जेवलात ते फक्त मोसम संपल्यावर — हसू नका, मला नाही हसू येत त्याचं. आमच्या आजोबांचं तर विचारूच नका. परवा म्हणाले, गोदामांच्या मधे, मोटारवेच्या कडेला, सपाट मैदान. सपाट म्हणाले ते असं, जसं कुणी नासकं म्हणतं.

उतार पाहिजे ना तुम्हाला. ह्या मैदानाचा सात फुटांचा उतार. नाणेफेक जिंकली की पहिला हाफ चढाचा घ्यायचा, मार खायचा, चिखल खायचा, दात ओठ खाऊन तग धरायचा, आणि दुसरा हाफ उताराचा — मग वरून जे सुटायचं ते समोरचा टिकतच नाही. मान्य, मला ते आवडतं, मी पण ओरडलेय त्याला. पण तुम्ही ते मैदानापुरतं ठेवलंत का? नाही. खाण बंद झाली तेव्हा म्हणालात, थांबा, दुसरा हाफ उताराचा. माझी आई एकोणीस वर्षं तुमच्या पुरुष संघाच्या चिखलाच्या जर्सी धुवत होती, क्लबाच्या मागच्या खोलीत, हिटर नाही, तिने एकदा विचारलं की मला कमिटीत घ्याल का, तर आजोबा म्हणाले, थांब गं बाई, दुसरा हाफ उताराचा. स्वतःचे सासरे. ती थांबली. नंतर थांबली नाही, गेली स्कार्बरोला, आता हॉटेलच्या चादरी धुते, पण हिटर आहे. मी म्हणते हा दुसरा हाफ सुरू कोण करतं? शिट्टी कुणाच्या हातात आहे?

काय? थंडी वाजतेय? माझं स्टूल घ्या. थांबा, आडवं करून सरकवते वरून — धरा. बसा. गुडघा नीट ठेवा. तुम्ही असे पांढरे का दिसताय? दम लागलाय? पंप आणलाय ना छातीचा? घ्या एकदा. — बरं. हळूहळू. बोलू नका तुम्ही, मी बोलते.

तुम्ही आमचा सामना एकदाही नाही पाहिलात. नाही, एकदा आलात, पुलावरून बघितलंत, सायकल धरून. आम्ही पण हार्लथॉर्पच, काका, तीच पिवळी जर्सी, छातीवर तोच खाणीचा दिवा. पण आम्हाला हे मैदान नाही, कारण हिरवळ. हिरवळ राखायची असते. पुरुषांच्या बारा सामन्यांसाठी राखायची, आम्ही तेरा जणी ऐंशी मिनिटं धावलो तर तिचं सौभाग्य जाईल. म्हणून आम्ही कुत्र्यांच्या मैदानावर. सामन्याआधी अर्धा तास तेरा जणी एका ओळीत, हातात पिशव्या, खाली बघत, कुत्र्यांची घाण वेचत चालायचं — दुसऱ्या गावचे संघ आधी हसतात, मग तेही ओळीत येतात. कपडे डेब्राच्या प्लंबिंगच्या गाडीत बदलायचे, पायपांच्या मधे, कोपर इकडून तिकडे. आणि नोव्हेंबरात क्लोईचा घोटा मोडला. अ‍ॅम्ब्युलन्स आली पण आत येईना, कारण पालिकेने मैदानाच्या वाटेवर कुलपाचे खांब लावलेत आणि खांबाची किल्ली असलेला माणूस लग्नाला गेलेला. बावन्न मिनिटं ती ओल्या गवतावर. आम्ही सगळ्यांनी आपापले कोट घातले तिच्या अंगावर, कोटांचा ढीग आणि त्यातून एक तोंड, आणि ते तोंड म्हणतं, आपण पुढे आहोत ना गं अजून? आणि त्याच वेळी इथे, चारशे यार्डांवर, हे मैदान रिकामं. हिरवंगार. आजोबा त्यावर कात्रीने गवत कापत होते. कात्रीने.

नव्या करारात लिहिलंय, आमचे सगळे सामने मुख्य मैदानावर. काळ्यावर पांढरं — पांढऱ्यावर काळं. ऑक्सबीच्या मुलींनी ते कलम घालून घेतलं, आपल्या कमिटीने नाही. ज्यांच्या वाऱ्यालासुद्धा तुम्ही खिडकी लावता, त्यांनी.

पावणेदोन. मी एक करते, काका, मी पळत जाते समोर, चार मिनिटांची वाट, हात वर करते आणि आजोबांकडून तेल — हो, तेल घेऊन येते. तुम्ही बसा शांत. चहा आहे. आले मी — काय झालं? खोकताय का असे? धरा, दांडा धरा, पुढे वाका. आत घ्या श्वास. सोडा. पुन्हा. माझ्याकडे बघा, पंप कुठल्या खिशात ठेवलात? ह्या नाही, डाव्या. हां. — झालं. झालं, आलं आता. नाही जात मी. नाही जात म्हटलं ना, हात सोडा, दुखतोय. दोन मिनिटं थांबते आणि मग जाते. तुमचा रंग येऊ दे.

तुम्हाला एक गोष्ट सांगते, कुणाला बोलू नका. मी खेळलेय ह्या मैदानावर. जानेवारीत, मंगळवारी, सकाळी, धुकं होतं इतकं की गोलचे खांब दिसत नव्हते. आजोबा दाढ काढायला गेलेले. मी वरच्या टोकाला गेले, चेंडू काखेत धरला, आणि सुटले खाली. काका, ते — मला वाटायचं तुम्ही लोक वाढवून सांगता. नाही सांगत. तो उतार पाठीला हात लावतो. आपण धावतो का जमीन आपल्याला नेते ते कळत नाही. मी कोपऱ्यात चेंडू टेकवला, रेषेच्या पलीकडे, पोटावर घसरत, तोंडात माती, आणि तिथेच पडून राहिले आणि रडले, वेड्यासारखी, एक माणूस नाही बघायला. दुसऱ्या दिवशी आजोबांना खुणा दिसल्या, घसरल्याची लांब रेघ, आठवडाभर तळमळले, शेवटी कुणीतरी सांगितलं कोल्हा असेल, तेव्हा गप्प बसले. म्हणजे मला ही जागा नकोय असं नाही हो. तसं समजू नका. मला दोन्ही — जाऊ दे. घड्याळ बघू नका सारखं, मी बघतेय. सात मिनिटं. अजून पळाले तर पोचते. तुमचे ओठ निळेच आहेत. सहा.

हा भोंगा. दोन. खाणीचा भोंगा, सभेलासुद्धा वाजवतात, नाटकं बघा. लागलं दार.

तर आता बोलते, लपवून उपयोग काय. खिटी अडकलेली नाही. काही अडकलेलं नाही. पाय आहे माझा. म्हणजे नाहीये — पायडलवरून मी पाय काढला, तुम्ही मधे असताना, मुद्दाम. एक मत कमी झालं की चौसष्ट विरुद्ध त्रेसष्ट, एवढाच हिशोब होता. तुम्हाला कोंडायचं, समोर जायचं, हात वर करायचा, परत येऊन सोडायचं, माफी मागायची. फार तर तासभर. तुमच्या छातीचा विचार नाही केला मी, आणि केला असता तर कदाचित तरीही — नाही, नसतं केलं. आता तिकडे तुम्ही नाही आणि मीही नाही, त्रेसष्ट विरुद्ध त्रेसष्ट, पुन्हा बरोबरी, जैसे थे. स्वतःच लावलेल्या सापळ्यात शेपूट माझंच. हसा आता. ओरडा तरी. असे काय बघताय?

काय म्हणालात? पुन्हा सांगा, मोठ्याने.

कोल्हा तुम्ही सांगितलंत?

तुम्ही होतात इथे? मंगळवारी — हो, काकू गेल्यापासून दर मंगळवारी तुम्ही त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन बसता, मला माहीत होतं, मला माहीत असायला हवं होतं. धुक्यात. आवाज ऐकलात. आणि कुणालाही — बरं. बरं. मग? मग आज तुम्ही कशाला —

शेवटचं.

शेवटचं म्हणालात तुम्ही खिडकीत. एकदा चक्र फिरव, शेवटचं. मला वाटलं म्हाताऱ्यांना सगळंच शेवटचं वाटतं. कोट शेवटचा, ख्रिसमस शेवटचा. ज्याला ही जागा राहणार असं वाटतं त्याला शेवटचा टक् कशाला ऐकायचा असेल, एवढं साधं — कॉलेजात गेलेय मी, काका. तुमचा हात आमच्या बाजूने जाणार होता. मी काही न करता, नुसतं पायडल दाबून, तुमच्या हाताला धरून रस्ता ओलांडून गेले असते तर —

आधी का नाही बोललात? हो. मी बोलू दिलं नाही. खरंय.

ऐका. क्लबाचं गाणं गातायत. बरोबरी झाली की पहिलं कडवं दोनदा म्हणतात.

जा. दाबलंय पायडल मी, ढकला. — टक्. झालं ना, ऐकलंत. नाही, तिकडून रस्त्यावर नाही निघता येत, हे एकाच बाजूला फिरतं. सत्तावन्न वर्षं आलात, तुम्हाला कधी कळलंच नाही, कारण शेवटच्या भोंग्याआधी तुम्ही कधी परतलाच नाहीत, आणि नंतर मोठं फाटक उघडंच असतं. आत जा. काकूंच्या खुर्चीवर बसा, मोठ्या फाटकाची किल्ली घेऊन येते मी. पंप हातात ठेवा. हिरवळीवरून चालत जा, सरळ मधून, कुणी ओरडलं तर माझं नाव सांगा. जा ना, काका. मी खिडकी लावतेय.