उद्यापनाची सवाष्ण

अगं, परवाच्या शुक्रवारचं सांगते. माझ्या वैभवलक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन होतं. आमच्या मीनलने आयटीआय केलं, तिला नोकरी लागावी म्हणून धरलेलं व्रत. एक सवाष्ण कमी पडली, तेव्हा सोसायटीत नव्याने आलेल्या शिल्पाताईंना बोलावलं. त्या ज्या कंपनीत नोकरभरती बघतात, तिथेही मीनलने अर्ज केला होता. मला वाटलं, देवीनेच धाडलं.

कुंकू लावताना हळूच विचारलं, "अहो, तुमच्याकडे आयटीआयच्या मुली घेतात का?"

"छे हो! आयटीआय दिसलं की आम्ही अर्ज उघडतच नाही. इंजिनिअरच ढिगाने येतात."

मीनल त्यांच्याच पानात खीर वाढत होती.

सवाष्ण म्हणजे त्या दिवशी साक्षात लक्ष्मी. मी ओटी भरून वाकले. त्या मनापासून म्हणाल्या, "देवी तुमची इच्छा पूर्ण करो."

"करो हो. पण तिने मनावर घेतलं, तरी मीनलचा अर्ज तुम्हालाच उघडावा लागेल."

त्या खळखळून हसल्या. गंमत वाटली त्यांना. मीनल हसली नाही.

पुन्हा व्रत धरलंय. या खेपेला मागणं लहान केलंय. नोकरी राहू दे, अर्ज तेवढा उघडला जावा.