आत जाणाऱ्या वस्तूचं माप

…आणि व्हर्नियर! अहो, मला एक सांगा, दातांच्या डॉक्टरकडे जाताना माणूस काय नेतो? जुनी फाइल नेतो, रुमाल नेतो, फार तर बायकोला नेतो, कारण दात तिचे असतात! आमच्या भावोजींनी व्हर्नियर नेलं! ते नाही का कारखान्यात असतं, पोलादी, पकडीसारखं तोंड उघडतं आणि केसाचीसुद्धा जाडी सांगतं, ते! करोल बागेतला तो डॉक्टर, भला माणूस बिचारा, कवळी हातात घेऊन उभा… अख्खी नाही हं, अर्धीच, पुढचे तीन दात आणि दोन्ही बाजूंना तारेचे आकडे… आणि भावोजी म्हणतात, "एक मिनट. पहले नाप लूँगा." डॉक्टर म्हणाला, "अंकलजी, नाप तो मैंने लिया है." तर म्हणे, "आपने मुँह का लिया. मैं इसका लूँगा. जो चीज़ अंदर जाती है, उसका नाप मेरे पास होना चाहिए." मी तिथल्या तिथे मेले! बाहेर बाकावर बसलेली माणसं मान उंच करून बघतायत, आणि हे आपले डोळा बारीक करून, "सदतीस मिलिमीटर लांब… अठरा रुंद…"

माप घेतलंय का, माप! तुम्हाला सांगते, ह्या एका वाक्यानं आमच्या घराचा जीव खाल्लाय.

भावोजी म्हणजे अंबादास भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान. मयूर विहारला ते वरच्या मजल्यावर आणि मी खालच्या. मी एकटीच, म्हणून माझा दिवस वरतीच जातो. तर आयुष्य काढलं ह्या माणसानं तेलाच्या विहिरींवर. आता तुम्ही म्हणाल तेल काढत असतील. छे हो! तेल काढणारे वेगळे. हे अडकलेलं काढणारे! म्हणजे असं, की जमिनीत दोन-तीन किलोमीटर खोल भोक, रुंदी जेमतेम वीतभर, आणि त्यात खाली पाइप तुटतो, नाहीतर खोदायचं पातं निखळतं, नाहीतर एखाद्या शहाण्याच्या हातून पाना पडतो, की सगळं काम ठप्प, मग लावा फोन अंबादासला! खाली अंधार, दिसणार काय कपाळ? तर आधी शिशाचा ठोकळा खाली सोडायचा, अडकलेल्या वस्तूवर टेकवायचा, वर काढायचा, आणि त्या मऊ शिशावर उमटलेला ठसा बघून सांगायचं की बाबा, खाली अमुक पडलंय आणि तमुक बाजूला कललंय. मग हत्यार ठरवायचं. एक हत्यार बाहेरून मिठी मारतं, एक आत शिरून फुगतं, एक आपलं टोपलीसारखं, बारीकसारीक गोळा करणारं. आणि ह्या सगळ्या धंद्याचा पहिला नियम कुठला? विहिरीत जे जाईल त्याचं माप आधी! माप नसेल तर उद्या अडकल्यावर पकडणार कशानं?

बरोबर आहे. पण हा नियम विहिरीवर ठेवून यायचा की नाही? घरी आणला! किल्ली मापली. झारा मापला. बाथरूमचा ब्रशसुद्धा मापला, देवा! साखरपुड्यात अंगठी घालायच्या आधी खिशातनं ते पोलादी धूड काढलं, तेव्हा आमच्या वडिलांना वाटलं सोनं तपासतोय मुलगा! तनया झाली, म्हणजे ह्यांची मुलगी, आता बंगळुरूला असते, तर नर्सनं वजन सांगितलं आणि हे विचारतात, "खांद्याची रुंदी?" त्यावर बाळंतपणाच्या खाटेवरून ताई ओरडली होती, "अहो, बाहेर आलीय ती आता, परत आत नाही जायची!"

अशी होती हो माझी ताई. सुरीसारखी जीभ. आणि वाट बघायची तिला सवयच झालेली, कारण हे आज आसामात, उद्या समुद्रात, परवा गुजरातेत. दिवाळीला येतो म्हणायचे आणि तुळशीचं लग्न उरकल्यावर उगवायचे. शेजारच्या बायका विचारायच्या, "भाभीजी, भाईसाब नहीं आए?" तर ही ताठ मानेनं सांगायची, "आते ही होंगे." उभा जन्म ताईनं हेच सांगितलं. आते ही होंगे.

आणि मग ताईचे शब्द जायला लागले. आधी चाळणी गेली. म्हणजे चाळणी होती घरात, शब्द गेला! मग परडी गेली, मग उंबरा गेला. डॉक्टर म्हणाले विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल. भावोजींना वाटलं, अरे, हे तर आपलंच काम! बसायचे तिच्यासमोर, एकेक शब्द काढायला. "कुसुम, पीठ कशातनं काढतेस? भोकं असतात बघ… हलवायची असते…" आणि मला डोळ्यांनी दटावायचे, तू सांगू नकोस, जोर लावला की तुटतं. कधी निघायचा शब्द. निघाला की ह्यांचा चेहरा असा व्हायचा, जशी अख्खी विहीर मोकळी केली! पण एक वर यायचा आणि चार खाली जायचे, आणि त्या चारांचं माप कुणी घेऊन ठेवलेलं? माझ्या ताईला बोलताना कुणी व्हर्नियर लावलं होतं का हो?

तेही सोसलं. पण पुढचं ऐका. आपण दिल्लीतली मराठी माणसं, आपलं ठरलेलं असतं की नाही, दाराच्या आत मराठी, दाराच्या बाहेर हिंदी? भाजीवाला हिंदी, गार्ड हिंदी, समोरच्या शर्माजी हिंदी, आणि आत आलं की चपला काढतानाच जीभ बदलते. तर एका सकाळी भावोजी दूध घेऊन आत आले आणि ताई त्यांच्याकडे बघून पदर सावरत म्हणाली, "आइए भाईसाब. बैठिए ना. मेरे मिस्टर आते ही होंगे."

हिंदीत हो! नवऱ्याशी! आणि वर मला म्हणते कशी, "पमे, पाहुण्यांना पाणी दे गं." म्हणजे मी आतली, मी मराठीतली, आणि ज्याच्याशी संसार केला तो बाहेरचा! भावोजी दुधाची पिशवी हातात धरून उभेच. "अगं कुसुम, मी आहे, मी!" तर ती घाबरली, माझ्यामागे लपायला लागली. लग्नाचा फोटो काढून दाखवला, तर खूश होऊन त्याच्यावर बोट ठेवते, "हाँ, यही हैं मेरे मिस्टर. आपसे कभी मिले हैं क्या?" त्या दिवशी भावोजी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "प्रमोदिनी, मला बाकी काही नको. चाळणी नको, परडी नको. एकदाच 'अहो' ऐकायचंय." मी मेथी निवडत होते. निवडतच राहिले.

आणि अशात तो शिरा! मीच केलेला, बदाम घालून, माझी हौस! ताईनं घास घेतला, ठसका लागला, पाणी दिलं तर पाणी परत बाहेर. तोंडात बघते तर पुढचे दात गायब! मी उशीखाली शोधतेय, फ्रीजमध्ये शोधतेय, देवघरात शोधतेय, कारण ही बाई हल्ली कवळी कुठंही ठेवते, आणि भावोजी मात्र जागचे हलले नाहीत. ताईच्या गळ्याकडे बघत होते नुसते. म्हणाले, "शोधू नकोस. खाली गेलीय. अडकलीय." आणि पुढचं वाक्य काय असेल? ओळखा! "माप घेतलंय मी."

नोएडाच्या हॉस्पिटलपर्यंत गाडीत ताईची लाळ पुसतेय मी, आणि हा माणूस ड्रायव्हरला सांगतो, "धीरे. झटका मत देना. आकडे भिंतीत घुसतील." ड्रायव्हरला काय कळणार आकडे आणि भिंती! तो मागे वळून बघायला लागला, मी म्हटलं, तू आगे देख रे बाबा!

तिथला डॉक्टर तरुण होता. स्कॅन केला, म्हणाला अन्ननलिकेत आहे, तारा दिसतायत, प्लास्टिक नीट दिसत नाही, "कितना बड़ा था, कुछ अंदाज़ा?" असं सगळ्यांनाच विचारत असणार, आणि सगळे नातेवाईक दोन बोटं पुढे करून "इतना" म्हणत असणार. भावोजी म्हणाले, "सैंतीस बाय अठारह. बीच में चार मोटा. हुक बाईं तरफ़ का लंबा है, ऊपर को मुड़ा हुआ." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "अंकल, आप करते क्या थे?" झालं! तुम्हाला सांगते, बायको आत ऑक्सिजनवर आणि हे दोघं मळ्यातले शेतकरी भेटल्यासारखे बोलायला लागले! तो म्हणतो, आमच्याकडे फास आहे, टोपली आहे. हे म्हणतात, आमच्याकडेही टोपली! तो म्हणतो, आधी जरासं खाली ढकलून आकडा सोडवेन, मग वळवून वर घेईन. भावोजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बिल्कुल. पहले नीचे. सब लोग सीधा खींचते हैं, वहीं मरते हैं." आणि मग एकच विचारलं, "आपका औज़ार छूटता है ना? पकड़ने के बाद?" तो म्हणाला, "छूटता है, अंकल." "फिर ठीक है."

बाहेर बाकावर बसल्यावर मी चिडून म्हटलं, सोडायचं कशाला विचारलंत, धरायचं विचारा! तर म्हणाले, "जे हत्यार सोडता येत नाही, ते आत घालायचंच नसतं, प्रमोदिनी. वस्तू नाही हलली, तर सोडून वर येता आलं पाहिजे. ओढत राहिलं, तर विहीरच जाते." आत नेताना ताईनं त्यांचा हात धरला होता हो, घट्ट, भीतीनं असेल, पण धरला होता. त्या हाताकडे बघत बसलेले. मला कळत होतं काय वाटतंय त्यांना. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? की सगळं इतकं हलल्यावर, कवळीबरोबर एखादा शब्दही वर येईल. एवढासाच आहे तो. दोन अक्षरं.

निघाली कवळी. सुखरूप. ओरखडासुद्धा फारसा नाही. ताई शुद्धीवर आली तेव्हा भावोजी खाटेशेजारी उभे होते, आणि काय करत होते? हो! मापत होते! स्टीलच्या ट्रेमधली ती कवळी व्हर्नियरमध्ये धरून, तीन दात, दोन आकडे, तुटून आत काही राहिलं नाही ना, कारण तोही नियमच, वर आलेलं पुन्हा मापायचं. ताई टकामका बघत होती. बघता बघता तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! तोंडात दात नाहीत, घसा बसलेला, पण हसली. मी भावोजींचा दंड धरला.

ताई म्हणाली, "भाईसाब… मेरे मिस्टर भी यही काम करते हैं. फँसी हुई चीज़ें निकालते हैं. बहुत होशियार हैं. आते ही होंगे."

माझा तर जीवच गेला. मी तोंड उघडलं, अगं भवाने, हाच तो, असं ओरडणार होते, तर भावोजींनी हात वर करून मला थांबवलं. व्हर्नियर मिटलं, खिशात ठेवलं, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "जी. रास्ते में होंगे."

सोडून दिलं. कळलं का तुम्हाला? सोडून दिलं त्यांनी. मला नसतं जमलं.

आता रोजचं ऐका आमचं नाटक. संध्याकाळी भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आपल्याच घराबाहेर जातात आणि आपल्याच दाराची बेल वाजवतात. "नमस्ते जी. मिस्टर हैं घर में?" ताई खूश! "नहीं, पर आते ही होंगे, बैठिए, चाय लेंगे?" चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाला कुणी इतक्या आदरानं चहा विचारला नव्हता! चहा करतं कोण? मी! मग ताई त्यांना त्यांच्याच गोष्टी सांगते, मिस्टरांनी आसामात काय काढलं, समुद्रात काय काढलं, आणि हे मान डोलावत ऐकतात, "अच्छा? सच में?" काल साखर घालताना ताई मला म्हणते, "पमे, मोजून घाल गं. हे पाहुणे अगदी आमच्या ह्यांच्यासारखे आहेत, मापाचे." भावोजींचा कप बशीवर वाजला.

चहा झाला की उठतात, नमस्कार करतात, आणि ताई झोपेपर्यंत खाली माझ्याकडे येऊन बसायला निघतात. मी दारापर्यंत जाते. चपला घालता घालता मला रोज हळूच विचारतात, "आला नाही ना गं अजून तिचा नवरा?"

मी म्हणते, "नाही हो, भावोजी."

"येईल," म्हणतात. "उशीर करायची सवयच आहे त्या माणसाला."